काठवटीत कुणाचा हात

मित्रांनो, तुमच्यातल्या निम्म्यांनी मला कधी पाहिलंच नसेल, तेव्हा आधी ओळख करून देते. मी एक जुनी काठवट आहे. ज्यात भाकरीचं पीठ मळतात आणि ज्यात भाकरी थापतात, ती लाकडाची उथळ, गोल, जड वस्तू म्हणजे मी. लाकडी परात म्हणालात तरी चालेल, पण माझ्या तोंडावर म्हणू नका. परात पत्र्याची असते. हातातून पडली की ती स्वतःच बोंबलते. मी पडले तर ज्याच्या पायावर पडते तो बोंबलतो.

माझा जन्म दौंड तालुक्यातल्या खुटबावचा. माझ्या मालकीणबाई विठाबाईंच्या वडिलांच्या बांधावरचा आंबा वठला, तेव्हा त्याच्या बुंध्याचा एक तुकडा पोपटराव सुतारांनी महिनाभर सावलीत वाळवला. मग वाकसानं कोरून कोरून माझं पोट काढलं, काच घेऊन घासलं आणि करडईचं तेल मुरवलं. घरी आणून मला चुलीपाशी ठेवलं, तेव्हा तेरा वर्षांची विठा कितीतरी वेळ माझ्याकडे बघत उभी राहिली. ती हसली नाही. मला वाटलं, पोर लाजली असेल. नवी वस्तू आपल्या नावानं आली की मुलं अशीच बावरतात.

पुढं लग्न झालं आणि विठाबाईंबरोबर मीही भीमा ओलांडून शिरूर तालुक्यात कवठे येमाईला आले. घरात नऊ माणसं, शिवाय शेतावरचे गडी. एका वेळेला पंचवीस-तीस भाकरी व्हायच्या. बाजरीचं पीठ, त्यात गरम पाणी, मग विठाबाईंच्या तळहाताचा तो दाब! गोळा मऊ होईपर्यंत त्या थांबत नसत. भाकरी अशी गोल यायची की पाहुणे ताटात घेऊन आधी फिरवून बघायचे. "विठाबाईची भाकरी" असं गावात म्हणत. त्यातली थोडी वाहवा मी माझ्या नावावर घेत होते, हे कबूल करते. माणसांनाच तेवढा गर्व असतो असं नाही.

विठाबाईंचे यजमान साहेबराव. सोसायटीच्या राजकारणातले, चार लोकांत उठबस असलेले गृहस्थ. मनानं वाईट नाहीत. पण ओट्यावर बसून "पाणी!" अशी हाक मारली की पाणी चालत येतं, अशी त्यांची समजूत होती. खरं म्हणजे यायचंच. स्वयंपाकघराचा उंबरा त्यांनी ओलांडलेला मी एकदाच पाहिला, तोही आत साप निघाला होता म्हणून.

मग घर लहान झालं. दीर वेगळे राहायला गेले. गॅस आला, स्टीलची परात आली आणि माझ्या पोटात कांदे-लसूण आले. दोन वर्षं मी कोपऱ्यात भिंतीला टेकून लसणाचा वास घेत पडले होते. त्या दिवसांबद्दल मी जास्त बोलत नाही.

त्याच सुमारास या घरात तेजश्री आली. विठाबाईंच्या मुलाची, सुमितची बायको. बी.एस्सी. झालेली, आणि रांजणगावच्या एमआयडीसीत एका खाद्यपदार्थांच्या कंपनीच्या प्रयोगशाळेत कामाला. माल बाहेर जाण्याआधी त्याचे नमुने तपासायचे, हे तिचं काम. सुमितनं बारावीनंतर शेती धरलेली. तिचं शिक्षण त्याच्यापेक्षा जास्त, यावरून लग्नात मामालोकांनी बरीच कुजबुज केली होती. सुमित म्हणाला होता, "मला मोजता येतंय तेवढं. पुढचं ती मोजंल." तेजश्रीला सकाळची पाळी असे. कंपनीची बस पाच वाजून दहा मिनिटांनी फाट्यावर यायची. ती घरी यायची ते साडेतीनला. सकाळच्या भाकरी विठाबाई करायच्या आणि संध्याकाळच्या तेजश्री करायची, असं बिनबोभाट चाललं होतं.

आणि एक दिवस विठाबाई गोठ्यात शेणावरून घसरल्या. उजवं मनगट मोडलं. दीड महिन्याचं प्लास्टर.

पहिले पाच दिवस तेजश्री तीनला उठली. भाकरी, भाजी, सगळ्यांचे डबे, मग अंघोळ आणि पळत बस. सहाव्या दिवशी ती कंपनीतून आली ती थेट माझ्याजवळ येऊन खाली बसली. पेंगत पेंगत तिनं एका नमुन्याचा आकडा चुकीचा लिहिला होता. शेजारच्या टेबलावरच्या बाईनं तो वेळेवर पकडला.

"आज पकडला," ती सुमितला म्हणाली. "उद्या न्हाई पकडला, तर कुणाच्यातरी पोटात जाईल ना तो माल. मी नोकरी सोडते, अहो. असं अर्धवट काम मला न्हाई जमायचं."

सुमित दाराच्या चौकटीला टेकून उभा होता. तो म्हणाला, "भाकरीच हाय ना? मी करतो."

विठाबाईंनी आधी कपाळाला हात लावला. डावा, कारण उजवा गळ्यात बांधलेला. "आरं, लोक काय म्हणतील? साहेबरावाच्या पोरानं बांगड्या भरल्या म्हणतील!" पण सुनेची नोकरी जावी असं त्यांनाही वाटत नव्हतं. मग त्यांनी मधला मार्ग काढला. साहेबराव रात्री शेतातल्या वस्तीवर झोपायचे, सातला घरी यायचे. तेव्हा सुमितनं चारला उठायचं, दार-खिडकी लावून घ्यायची आणि पावणेपाचच्या आत भाकरी उरकायच्या. तेजश्री तेवढ्यात आवरून निघेल. बाहेर थापायचा आवाज गेला, तर लोकांना वाटेल सूनच करते आहे.

दुसऱ्या दिवशी माझ्यातले कांदे काढले, मला धुतलं, पुसलं. किती बरं वाटलं म्हणून सांगू! विठाबाई म्हणाल्या, "शिकायचं तर काठवटीतच शीक. परातीत भाकरी सरकती."

पण पुरुषाचा हात माझ्या पोटात पहिल्यांदाच पडत होता. मी दचकले. नांगरटीच्या हातानं त्यानं पीठ असं दाबलं की मला वाटलं आता तळ फुटतो. विठाबाई पाटावर बसून सांगायच्या, "आरं, माती न्हाई ती! गोंजार जरा." पहिली भाकरी हातातच फाटली. दुसरी तव्यावर पडली ती दुमडून. तिसरी, चौथी गुरांना गेली. चौथ्या दिवशी एक भाकरी तव्यावरून गॅसच्या जाळावर टाकली आणि टम्म फुगली. सुमित चिमटा हातात धरून नुसता बघत राहिला. तेजश्री अर्धी वेणी घालून धावत आली. "आई, बघा ना!" विठाबाई म्हणाल्या, "व्हय व्हय, बघितली. आवाज कमी करा." पण त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, ते मी पाहिलं.

पंधरा दिवसांत त्याचा हात बसला. खरं सांगू? विठाबाईंपेक्षा त्याचं पीठ थोडं जास्त मळलेलं असायचं. मला राग आला होता तो कधी गेला, ते कळलंही नाही.

एकदा डेअरीवर दूध घालताना कुणीतरी त्याच्या कोपराला लागलेलं पीठ बघितलं. "गुरांचं आंबोण कालवलं," असं सांगून तो मोकळा झाला. घरी येऊन त्यानं हे सांगितलं तेव्हा सगळे हसले. मीही मनात हसले. आता त्या हसण्याची लाज वाटते.

कारण आवाज शेजारी जातच होता. शेजारच्या सोजराबाई एकदा ताक न्यायला आल्या आणि म्हणाल्या, "आक्का, तुझ्या घरात चारलाच भाकरी थापायचा आवाज येतो गं!"

"सून करती की," विठाबाई म्हणाल्या. "सगळ्यांचं करून मग ड्युटीला जाती."

तेजश्री तिथंच कपड्यांच्या घड्या घालत बसली होती. तिनं मान वर केली, सासूकडे पाहिलं आणि पुन्हा घड्या घालायला लागली. मीही गप्प होते. मला तोंड नाही हे खरं, पण असतं तरी मी गप्पच बसले असते. घराचं नाव होत होतं ना!

आणि नाव झालं. पिठाच्या गिरणीपासून डेअरीपर्यंत तेजश्रीचंच कौतुक. चारला उठते, चौदा भाकरी थापते, वर कंपनीत मोठ्या कामाला जाते, तोंडातून तक्रार नाही. साहेबराव तर सकाळी जेवताना मिशीवर हात फिरवून म्हणायचे, "सूनबाईच्या हाताला चव हाय." आत सुमित तोंड दाबून बसायचा.

सोजराबाईंची सून सोनम. शिरूरला डी. फार्मसीच्या शेवटच्या वर्षाला होती. तिचा नवरा नवनाथ पिकअप चालवतो, तळेगाव ढमढेऱ्याच्या बाजाराला भाजीपाला नेतो. सोजराबाईंना वाईट सासू म्हणू नका हं, मित्रांनो. सोनमला कॉलेजात घालायचा हट्ट त्यांचाच होता. गावात मेडिकल टाकू, पाटीवर सुनेचं नाव लिहू, असं त्या साऱ्यांना सांगायच्या. फक्त आता त्यांच्यासमोर एक उदाहरण आलं होतं.

एका रविवारी दुपारी त्या सोनमला हाताला धरून आमच्या स्वयंपाकघरात घेऊन आल्या. साहेबराव ओट्यावर पेपर वाचत होते. सुमित गोठ्यात होता. तेजश्री भाजी निवडत होती आणि मी भिंतीला टेकून वाळत होते.

"तेजश्री, हिला जरा सांग बाई," सोजराबाई म्हणाल्या. "तू कसं जमवती ते सांग. म्हैना झाला, मी हिला म्हणती, ती नोकरी करून करती, तुला नुसतं कॉलेज हाय. तर ही साडेतीनला उठती, पण रडत. आन् आता म्हणती कॉलेजच सोडते. उद्या परीक्षेचा फॉर्म भरायची शेवटची तारीख हाय, आन् ही म्हणती भरतच न्हाई!"

सोनमच्या डोळ्यांखाली काळं आलं होतं. उजव्या हाताची दोन बोटं भाजलेली, त्यावर मलम. ती एसटीत झोपून गेल्यामुळे दोनदा स्टँडच्या पुढं गेली होती आणि तिचं एक प्रॅक्टिकल बुडालं होतं. पण ती सासूबद्दल अवाक्षर बोलली नाही. तेजश्रीकडे बघून एवढंच म्हणाली, "ताई, तुम्ही खरंच जमवता. मला न्हाई जमत. माझ्यातच कायतरी कमी हाय."

मित्रांनो, माझ्या पोटावर चाळीस वर्षांचे मळण्याचे घट्टे आहेत. पण त्या वाक्यानं मला जेवढं लागलं, तेवढं कशानंही लागलं नव्हतं. तेजश्रीच्या हातातली मेथीची काडी तशीच राहिली. ती बोलायला गेली, पण आधी तिनं सासूकडे पाहिलं. खोटं विठाबाईंचं होतं. मोडायचं तर त्यांनीच मोडायला हवं होतं, आणि बाहेर ओट्यावर साहेबराव बसले होते.

विठाबाई उठल्या. डाव्या हातानं त्यांनी मला भिंतीपासून ओढलं आणि चौघींच्या मध्ये ठेवलं.

"सोनम, कमी तुझ्यात न्हाई," त्या म्हणाल्या. "मी खोटं बोलले. सकाळच्या भाकरी तेजश्री करत न्हाई. सुमित करतो."

"कोण?" सोजराबाई म्हणाल्या.

"सुमित. माझा ल्योक. दार लावून."

सोजराबाई हसल्या. त्यांना वाटलं थट्टा चालली आहे. तेव्हा विठाबाईंनी मागच्या दारातून हाक मारली, "सुमित! हात धू आन् हिकडं ये. दार उघडंच राहू दे."

तो आला. बायकांना पाहून दारातच थबकला. आईनं पिठाच्या डब्याकडे बोट केलं. त्यानं एकदा ओट्याच्या दिशेनं पाहिलं. मग खाली बसला, पीठ घेतलं, पाणी घातलं आणि मळायला लागला. मग थापायला लागला.

तो थापत असताना विठाबाई बोलत होत्या. सोनमशी बोलत होत्या की माझ्याशी, कोण जाणे.

"ही काठवट माझ्या बापानं का केली, ठाऊक हाय? सातवीत माझा पहिला नंबर आला. आठवीला यवतला जायचं व्हतं. तवाच आई आजारी पडली. घरात भाकरी कोण करणार? दोन थोरले भाऊ व्हते मला. त्यांना कुणी म्हणलं न्हाई, की बसा. मला वाटलं, बाप नवं दप्तर आणंल. त्यानं ही आणली. आन् ज्या पायी माझी शाळा गेली, त्याच पायी आता माझ्या खोट्यानं तुझं कॉलेज जाया लागलं. सोजरा, मला माफ कर बाई."

तर मला बघून विठा हसली नव्हती, त्याचं कारण हे होतं. इतकी वर्षं मी स्वतःला तिचं लेणं समजत होते. लाकडाला रडता येत नाही, म्हणून बरं.

भाकरी फुगली. सोजराबाई आ वासून बघत होत्या. आणि दारात साहेबराव उभे होते. उंबऱ्याच्या बाहेरच, पण उभे होते.

"म्हंजी... म्हैनाभर... मी जेवतोय त्या?"

"व्हय आप्पा," सुमित म्हणाला. भाकरी टोपलीत टाकून त्यानं पुढचा गोळा घेतला. "चव हाय म्हणत व्हता तुम्ही."

साहेबरावांनी टोपी सारखी केली आणि निघून गेले. दोन दिवस ते फाट्यावरच्या हॉटेलात मिसळ खाऊन राहिले. तिसऱ्या दिवशी त्यांचं पित्त खवळलं. चौथ्या दिवशी सकाळी ते ओट्यावर येऊन बसले आणि कुणाकडेही न बघता म्हणाले, "भाकरी असंल तर द्या." कुणाच्या हातची, हे त्यांनी विचारलं नाही.

पण त्या रविवारचं राहिलंच. साहेबराव गेल्यावर सोजराबाई टोपलीतल्या भाकरीकडे बघत होत्या. त्यांनी ती उचलली, फिरवली, एक तुकडा मोडून तोंडात टाकला. चावता चावता त्यांची नजर सोनमच्या भाजलेल्या बोटांवर गेली. मग एकाएकी म्हणाल्या, "मंग आमच्या नवनाथला काय धाड भरलीय?"

सोनम आधी हसली आणि मग जी रडली, की तेजश्रीला तिला जवळ घ्यावं लागलं.

दुसऱ्या दिवशी सोजराबाई स्वतः सोनमबरोबर शिरूरला गेल्या आणि फॉर्म भरून आल्या. त्यानंतर भिंतीपलीकडून थापायचा बेताल आवाज यायला लागला, आणि मध्येच नवनाथचं "आई गं, भाजलं!" नवनाथला गोलाई काही साधत नाही. पण सोनम आता सहापर्यंत झोपते आणि सातच्या एसटीत पुस्तक उघडून बसते. परीक्षेला ती बसली. निकाल यायचा आहे.

गावानं मजा घेतली, हे सांगायला हवं. डेअरीवर पोरं विचारायची, "काय सुमितशेठ, झाल्या का भाकरी?" सुमित म्हणायचा, "झाल्या. तुमच्या?" चार-आठ दिवसांनी विचारायचं थांबलं. सगळ्या गावाचं मन बदललं असं मी म्हणत नाही. कित्येक घरांत अजून पुरुषाला चहाची पावडर कुठल्या डब्यात आहे, ते माहीत नाही.

विठाबाईंचं प्लास्टर निघालं, तेव्हा मला वाटलं, आता सगळं पूर्वीसारखं होईल. त्या पहाटे उठून आल्याही. पण सुमित माझ्यासमोर बसलेला होता.

"सरक, मी करती आता."

"तू बस, आई. च्या घे."

फाट्यावर बस धरायला निघायच्या आधी तेजश्रीनं त्यांच्या हातात कप दिला. विठाबाई मागच्या दारात बसल्या. हात कुठं ठेवावेत, त्यांना कळेना. कपाभोवती धरले, मांडीवर ठेवले. हळूहळू समोर उजाडलं. तेव्हा त्या म्हणाल्या, "सकाळ एवढी मोठी असती व्हय रं?"

मित्रांनो, माझं मागणं फार नाही. वापरून झालं की मला ओलं ठेवू नका, अधूनमधून तेलाचं बोट फिरवा, आणि कांदे-लसूण दुसरीकडे ठेवा. घरातल्या कुणाचाही हात माझ्यात पडू द्या, मी कुरकुरणार नाही. फक्त भाकरी कुणी केली असं कुणी विचारलं, तर ज्यानं केली त्याचंच नाव घ्या. भिंतीपलीकडे एखादी सोनम ऐकत असते, आणि ती तुमचं खोटं खरं मानून स्वतःला कमी समजते.